इझनिक : तळ्याकाठी अर्धा दिवस

उमरा करून परतताना तुर्कस्तानात चार-सहा दिवस थांबण्याची पद्धत आता आपल्याकडच्या कुटुंबांत चांगलीच रुळली आहे. बहुतेक मंडळी इस्तंबूल पाहतात, वेळ असेल तर एक-दोन दिवस बुर्सा करतात आणि घरी परततात. बुर्सापासून साधारण ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर, मोठ्या तळ्याच्या पूर्व काठावर इझनिक नावाचे लहानसे गाव आहे. ते मात्र फार कमी लोकांच्या यादीत असते. सकाळी निघावे, दुपारचे जेवण तळ्याकाठी घ्यावे आणि परत यावे, एवढ्याच अंतरावर ते आहे. सहलवाले याला 'अर्ध्या दिवसाची सहल' म्हणतात. आमचे सात तास गेले, पण त्यातले अडीच तास रस्त्यातच जातात, हे आधी माहीत असलेले बरे.

आम्ही पाच जण होतो. मी, माझे मिस्टर, सासूबाई म्हणजे आमच्या अम्मी, दहावी झालेला मुलगा आणि सातवीतली मुलगी. ऑक्टोबरचे दिवस होते. लहान गाडीत आमच्याशिवाय आणखी तीन प्रवासी होते, आणि गाईड म्हणून बुर्साचाच एक तरुण. इंग्रजी सावकाश बोलणारा, त्यामुळे मुलांनाही समजत होते. अम्मींशी त्याची भाषा सलाम आणि हातवाऱ्यांची. अम्मी त्याला पहिल्यापासून 'बेटा' म्हणू लागल्या आणि तो तेवढ्यानेच ओळखायचा.

बुर्सा सोडले की रस्ता गेमलिककडे उतरतो. तिथे मार्मारा समुद्राचे टोक दिसते. मग ओरहानगाझी हे गाव येते आणि तिथून तळे सुरू होते. तळे म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येते तेवढे हे तळे नव्हे. त्याचे क्षेत्रफळ जवळजवळ तीनशे चौरस किलोमीटर आहे. पाणी गोडे. एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला मैलोन्‌मैल जैतुनाची झाडे. ज्या जैतुनाचे नाव आपण कुरआनात वाचतो, त्याची एवढी झाडे मुलांनी पहिल्यांदाच पाहिली. फळे अजून हिरवी होती. तोडणी नुकती कुठे सुरू होत होती, आणि काही ठिकाणी झाडांखाली जाळ्या अंथरून ठेवल्या होत्या.

गावात शिरताना प्रथम तटबंदी लागते. जवळजवळ पाच किलोमीटरचा तट गावाभोवती फिरला आहे आणि चार दिशांना चार दरवाजे आहेत : उत्तरेला इस्तंबूल दरवाजा, पूर्वेला लेफ्के, दक्षिणेला येनिशेहिर आणि पश्चिमेला तळ्याचा दरवाजा. दरवाजांच्या कमानी रोमन काळातल्या. आमची गाडी इस्तंबूल दरवाजापाशी थांबली आणि गाईडने तिथेच उभे राहून गावाचा हिशेब सांगितला. तो मी वहीत लिहून घेतला.

गावाचे जुने नाव निकाया. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने जगभरातल्या बिशपांची पहिली मोठी परिषद इथे भरवली. हजरत ईसा (अलै.) यांच्याविषयी ख्रिस्ती लोकांनी काय मानावे हे त्या परिषदेत ठरवले गेले, म्हणून ख्रिस्ती जगात या गावाचे नाव मोठे आहे. अकराव्या शतकात सेल्जुक तुर्कांनी ते घेतले आणि आपली राजधानी केली. १०९७ मध्ये पहिल्या क्रुसेडच्या फौजांनी वेढा घातला आणि गाव पुन्हा बायझंटाइन बादशहाकडे गेले. १२०४ मध्ये क्रुसेडवाल्यांनी खुद्द कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, लुटले. तेव्हा तिथून निसटलेल्या ग्रीक घराण्याने इथे राजधानी थाटली आणि ती १२६१ पर्यंत चालली. शेवटी १३३१ मध्ये उस्मानी घराण्याचा दुसरा सुलतान ओरहान गाझी याने गाव घेतले. ज्यांना जायचे त्यांना सामानासह जाऊ दिले आणि बरेच लोक राहिले, असे जुने तुर्की बखरकार सांगतात.

मुलगी म्हणाली, "म्हणजे हे गाव सारखं कुणीतरी जिंकतच होतं." खरे होते. मला मात्र वाटले, जिंकणाऱ्यांची ही यादी पाठ करून आपण परत गेलो, तर इझनिक पाहिले असे म्हणता येणार नाही. म्हणून पुढच्या प्रत्येक ठिकाणी आम्ही गाईडला एकच विचारत राहिलो : इथे लोक काय करत होते?

याच गावात ओरहान गाझीच्या विजयानंतर थोड्याच काळात एक पाहुणा आला होता, इब्न बतूता. पुढे तो हिंदुस्थानात आला, आपले दौलताबाद त्याने पाहिले, नंदुरबारवरूनही तो गेला, म्हणून तो आपल्याला परका नाही. त्याच्या प्रवासवर्णनात इझनिकविषयी मजकूर आहे. गाव तेव्हा बरेचसे ओस पडलेले होते आणि सुलतानाची थोडी माणसे तेवढी राहत होती, असे तो सांगतो. तिथला कारभार सुलतानाची बेगम पाहत होती. तिला तो भेटला आणि तिच्या नेकीची त्याने तारीफ केली आहे. इब्न बतूताचा घोडा आजारी पडला म्हणून तो इथे सुमारे चाळीस दिवस राहिला. शेवटी कंटाळून घोडा मागे ठेवूनच पुढे गेला. गाईडने हे सांगितल्यावर मिस्टर हसून म्हणाले, "त्याला चाळीस दिवस मिळाले, आपल्याला तीन वाजता बुर्साला पोहोचायचं आहे."

चारही दरवाजांचे रस्ते गावाच्या मध्यावर जिथे मिळतात, तिथे आयासोफिया आहे. इस्तंबूलची जगप्रसिद्ध वेगळी, ही इझनिकची. विटांची ठेंगणी इमारत आहे आणि आजूबाजूची जमीन इतकी वर आली आहे की आत पायऱ्या उतरून जावे लागते. हे आधी चर्च होते. ७८७ मध्ये ख्रिस्ती धर्माची आणखी एक मोठी परिषद याच वास्तूत भरली. ओरहान गाझीने तिची मस्जिद केली. भूकंप आणि आग यांनी ती अनेकदा मोडली. सोळाव्या शतकात मिमार सिनानने तिची दुरुस्ती केली. नंतर ती पडीक झाली, विसाव्या शतकात संग्रहालय म्हणून उघडली आणि २०११ पासून पुन्हा मस्जिद आहे. आत गालिचे अंथरलेले आहेत आणि एका बाजूला जुन्या फरशीचा नक्षीदार तुकडा व भिंतीवरचे पुसट चित्रही राखून ठेवले आहे.

इथे मुलाने विचारले, "अम्मीजान, हे त्यांचं प्रार्थनास्थळ होतं ना? मग ते आपण का घेतलं?" प्रश्न त्याने आजीला विचारला होता, पण उत्तर आम्हा सगळ्यांनाच द्यायचे होते. गाईड म्हणाला, त्या काळी जो शहर जिंके तो शहरातली मुख्य वास्तू आपल्या धर्माची करी, ही सगळीकडचीच रीत होती. क्रुसेडवाल्यांनी जेरुसलेममध्ये कुब्बतुस्सखराचे चर्च केले, आणि १२३६ मध्ये कुर्तुबा पडल्यावर तिथल्या जामा मस्जिदीचे चर्च झाले ते आजही तसेच आहे. बोलणे चुकीचे नव्हते, पण मुलाचे समाधान झाले नाही. "सगळे करत होते म्हणजे ते बरोबर होतं असं नाही ना," तो म्हणाला.

आपल्या देशात प्रार्थनास्थळांचे वाद आपण रोज वाचतो आणि त्याचे दुःख घरात बोलतो. त्यामुळे आपल्या मुलांना हा प्रश्न पडणारच, आणि तो दटावून गप्प करण्यासारखा नाही. अम्मींनी त्याला हजरत उमर (रजि.) यांचा प्रसिद्ध किस्सा सांगितला. जेरुसलेम हाती आल्यावर तिथल्या मुख्य चर्चमध्ये असतानाच नमाजची वेळ झाली. पाद्रींनी आतच नमाज पढण्याची विनंती केली, पण हजरत उमर बाहेर येऊन नमाज पढले. आपण आत नमाज पढलो तर उद्या मुसलमान या जागेवर हक्क सांगतील, अशी त्यांना काळजी होती. अम्मी एवढेच म्हणाल्या, "राजांनी काय केलं ते इतिहासात आहे. आपण कुणाकडे बघायचं ते आपल्या हातात आहे." मुलगा काही बोलला नाही. जोहरला अजून वेळ होता. अम्मींनी ठरवले की जोहर समोरच्या रस्त्याने पुढे गेल्यावर जी मस्जिद मुळातच मस्जिद म्हणून बांधलेली आहे, तिथे पढायची.

त्याआधी गाईडने आम्हाला सुलेमान पाशा मदरशात नेले. हा सुलेमान ओरहान गाझीचा मुलगा. उस्मानी काळातल्या आज उभ्या असलेल्या मदरशांत हा सर्वांत जुना मानला जातो. ओरहान गाझीने गाव घेतल्याबरोबर इथे पहिला उस्मानी मदरसा काढला होता आणि त्यावर दाऊद कैसरी या मोठ्या आलिमांना नेमले होते. तो मदरसा आता उरलेला नाही. गाव ओस पडलेले, तट फुटलेला, आणि अशा वेळी पहिले काम काय, तर शिकवणारा माणूस आणून बसवणे.

सुलेमान पाशा मदरशाचे अंगण लहान आहे. तिन्ही बाजूंना घुमटाच्या खोल्या. पूर्वी त्यांत विद्यार्थी राहत, आता चिनी कामाचे कारागीर बसतात. 'चिनी' हा तुर्की शब्दही आपल्याला ओळखीचा निघाला. आपण चिनी मातीची भांडी म्हणतो, तसे तुर्की लोक रंगीत, झिलईदार फरशांना आणि थाळ्यांना 'चिनी' म्हणतात. चीनची भांडी पाहून ती तशी करण्याची धडपड सुरू झाली, म्हणून हे नाव.

वाचकहो, इस्तंबूलला गेलात तर निळ्या मस्जिदीत, म्हणजे सुलतान अहमद मस्जिदीत, मान वर करून ज्या फरशा पाहाल त्या वीस हजारांहून जास्त आहेत. रुस्तम पाशा मस्जिदीच्या भिंती तर खालपासून वरपर्यंत फरशांनी भरलेल्या आहेत. त्या काळी अशा कामाचे माहेर इझनिक. गुलाब, ट्युलिप, कार्नेशन, डाळिंब, निळा, फिरोजी आणि तो विशेष लाल, जो बोटाला किंचित उंच लागतो. हा लाल रंग सोळाव्या शतकाच्या मध्याला सुलेमानिया मस्जिदीच्या फरशांत प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसतो. गंमत अशी की खुद्द इझनिकमध्ये या नामांकित फरशा शोधाव्या लागतात. जे केले ते बाहेर गेले.

एका खोलीत एक बाई थाळीवर रेघा ओढत होत्या. गाईडने त्यांचे बोलणे आम्हाला समजावून दिले. मुख्य वस्तू माती नव्हे, गारगोटीची पूड. त्यामुळे अंग पांढरे आणि कडक होते, पण घडवायला अवघड जाते. नक्षी आधी कागदावर काढतात, रेघेवर सुईने टोचे मारतात, कागद थाळीवर ठेवून कोळशाची पूड फिरवतात, म्हणजे ठिपके उमटतात. आपल्याकडे कपड्यावर भरतकामाची नक्षी छापतात तसेच. ठिपक्यांवरून ब्रशने रेघ ओढायची, रंग भरायचे आणि वरून झिलईचा लेप द्यायचा. लेप दिल्यावर सगळी नक्षी पांढऱ्या थराखाली झाकून जाते. भट्टीतून निघाल्यावर थर काचेसारखा पारदर्शक होतो आणि तेव्हाच कळते, रंग फुलला की फसला.

मिस्टरांनी विचारले, एवढी कला असताना ती बंद का पडली? गाईडने सांगितले ते मला विसरता येत नाही. सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे राजवाडा, आणि भाव राजवाडाच ठरवून देई. सोळाव्या शतकाच्या अखेरीस महागाई वाढली, जळण आणि कच्चा माल महागला, पण ठरलेला भाव तसा हलला नाही. कारागीर दुसरीकडे माल विकू लागले, दर्जा उतरला, मग बांधकामेही कमी झाली. सतराव्या शतकात एवलिया चेलेबी हा तुर्की प्रवासी इथे आला. पूर्वी तीनशेंवर कारखाने होते आणि आपल्या वेळी नऊच उरले होते, असे त्याने नोंदवले आहे. पुढे तेही संपले आणि हे काम क्युताह्या गावाकडे गेले. तो लाल रंग कसा करत, हेही कुणाला सांगता येईना. विसाव्या शतकात उत्खनन करून जुन्या भट्ट्या शोधल्या गेल्या. १९९३ मध्ये इझनिकमध्ये एक प्रतिष्ठान स्थापन झाले, त्याने संशोधन करून जुन्या पद्धतीच्या फरशा पुन्हा बनवायला सुरुवात केली. आज गावात लहानमोठ्या बऱ्याच भट्ट्या आहेत.

आम्हाला एक लहान थाळी आवडली होती. मिस्टरांनी सवयीप्रमाणे घासाघीस सुरू केली. अम्मींनी त्यांना हळूच थांबवले. अम्मींचे माहेर इचलकरंजीचे. त्यांचे वडील व्यापाऱ्याकडून सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देत. "भाव दुसऱ्यानं ठरवला की मागावरच्या माणसाच्या घरात काय होतं, ते मी बघितलंय," त्या म्हणाल्या. "तिनं सांगितले तेवढे दे. नाही परवडत तर लहान घे." आम्ही लहान घेतली. बाईंनी थाळीच्या मागे आपले नाव स्वतः लिहून दिले.

जोहरची अजान झाली तेव्हा आम्ही येशिल जामी, म्हणजे हिरव्या मस्जिदीत होतो. गावाच्या पूर्वेला, लेफ्के दरवाजाजवळ ती आहे. चांदार्ली घराण्यातले वजीर हैरेद्दीन पाशा, आपल्या उच्चाराने खैरुद्दीन, यांनी १३७८ मध्ये ती बांधायला घेतली आणि त्यांच्या मुलाच्या वेळी, १३९१-९२ च्या सुमारास, ती पुरी झाली. एकच मिनार आहे आणि त्याच्यावर हिरव्या-फिरोजी विटांची नागमोडी नक्षी आहे. आतून मस्जिद साधी, संगमरवरी, थंडगार. गावातली माणसे आमच्याबरोबर सफेत उभी होती. नमाजनंतर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी 'हिंदुस्थान?' असे विचारून मुलाच्या डोक्यावर हात ठेवला.

मस्जिदीच्या समोरच निलुफर हातूनची इमारत आहे. हातून म्हणजे आपला खातून. सुलतान मुराद पहिला याने १३८८ मध्ये आपल्या आईच्या नावाने ती बांधली. काही इतिहासकार इब्न बतूताला भेटलेली बेगम हीच असे म्हणतात, काहींना ते मान्य नाही. या वास्तूला तुर्कीत 'इमारेत' म्हणतात. आपण कुठल्याही बांधकामाला इमारत म्हणतो. उस्मानी काळात या शब्दाचा अर्थ होता, गरिबांना आणि मुसाफिरांना फुकट जेवण मिळण्याची जागा. ओरहान गाझीने इझनिकमध्ये पहिली इमारेत उघडली तेव्हा पहिल्या दिवशी सूप स्वतःच्या हाताने वाढले आणि रात्री दिवेही स्वतः लावले, असे बखरकार सांगतात. निलुफर हातूनच्या इमारेतीत आता संग्रहालय आहे. मुलगी म्हणाली, "आईच्या नावानं ताजमहाल नाही बांधला, जेवणघर बांधलं." अम्मींना हे फार आवडले.

शेवटचा थांबा तळ्याचा. काठावर रांगेने खाणावळी आहेत. तळ्यातला 'यायिन' नावाचा बिनखवल्यांचा मोठा मासा आणि इझनिकचे कोफ्ते या इथल्या खास गोष्टी. काही ठिकाणी दारूही मिळते, म्हणून बसण्याआधी विचारून घ्यावे. विचारले तर कुणी वाईट मानत नाही.

तळ्याच्या काठाशी एका जुन्या चर्चचा पाया आहे. तो सापडला तेव्हा काठापासून वीसेक मीटरवर, पाण्याखाली होता. २०१४ मध्ये विमानातून काढलेल्या फोटोंत तो ओळखू आला, तोवर त्याची जगाला खबर नव्हती. गेल्या काही वर्षांत पाऊस कमी आणि शेतीचा उपसा जास्त, त्यामुळे पाणी मागे हटले आणि भिंती उघड्या पडल्या. पाहायला येणाऱ्यांना ते बरे वाटते. गाईडला तसे वाटत नव्हते. त्याच्या मामाची जैतुनाची बाग याच पाण्यावर आहे. तो म्हणाला, "लोक भिंतींचे फोटो काढतात, आम्ही पाणी कुठपर्यंत आहे ते बघतो."

ज्या कुटुंबांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे. आधी इस्तंबूलमधली रुस्तम पाशा मस्जिद बघून मग इझनिकला जावे, म्हणजे फरशांची गोष्ट नीट कळते. मधल्या चौकातून बहुतेक सगळे पायी होते, पण रस्ते दगडी आहेत, म्हणून वयस्क माणसांना मऊ तळव्याचे बूट असू द्यावेत. गाईड नको असेल तर बुर्साच्या बस टर्मिनलवरून इझनिकला लहान बसेस जातात. मात्र पहिल्यांदा जाणाऱ्याने गाईड घ्यावा आणि त्याला फक्त ऐकू नये, विचारावे. थाळी किंवा फरशी घेताना ती हाताने रंगवलेली की छापील, हे दुकानदाराला सरळ विचारावे. हाताच्या कामात दोन फुले अगदी सारखी नसतात.

कुरआन आपल्याला वारंवार सांगते की जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा. इझनिक जिंकणाऱ्यांची नावे दरवाजावर ऐकली आणि मला ती आता वही उघडल्याशिवाय सांगता येत नाहीत. मदरशात शिकवणारे दाऊद कैसरी, आईच्या नावाने चाललेली चूल आणि थाळीच्या मागे नाव लिहिणारी ती बाई मात्र वहीशिवाय आठवतात. मुलाने आयासोफियात विचारलेला प्रश्न आमच्या घरात अजून निघतो. जेवताना कधी तोच काढतो, कधी त्याचे अब्बा. उत्तर दर वेळी थोडे पुढे सरकते. सहलीला मुलांना नेण्याचे मला तरी हेच कारण पुरेसे वाटते.